मीडिया कंपनीचं ओपन ऑफिस: आधी ठरवा, काय हलणार नाही

नवं ऑफिस करून घ्यायला येणाऱ्या मीडिया कंपन्यांच्या मागण्या साधारण सारख्याच असतात. मोकळं हवं, लवचिक हवं, भिंती नकोत आणि आत पाऊल टाकताच क्रिएटिव्ह वाटलं पाहिजे. मी ऐकून घेते आणि विचारते, तुमच्याकडे आवाज कोण रेकॉर्ड करतं आणि ते सध्या कुठे बसून करतात? मग जरा शांतता पसरते. बहुतेक ठिकाणचं उत्तर असं असतं: मीटिंग रूममध्ये, एसी बंद करून, सगळे घरी गेल्यावर.

मी इंटिरियर आर्किटेक्ट आहे आणि माझं बरंचसं काम अशाच कंपन्यांचं आहे: जाहिराती, व्हिडिओ, पॉडकास्ट, ॲनिमेशन. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. टेबलांना चाकं लावली म्हणून ऑफिस लवचिक होत नाही. ज्या गोष्टी कधीच हलणार नाहीत त्या आधी हुडकायच्या, योग्य जागी ठोकून बसवायच्या, मग उरलेलं सगळं हलायला मोकळं होतं. सगळंच हलतं ठेवलंत तर सहा महिन्यांत काहीच हलत नाही, कारण प्रत्येक टेबलाच्या पायाला कुठली ना कुठली वायर गुंडाळलेली असते.

हे दुखणं जुनंच आहे. डिझायनर रॉबर्ट प्रॉप्स्टने हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीसाठी १९६८ मध्ये ‘ॲक्शन ऑफिस’ या ऑफिस फर्निचरची दुसरी आवृत्ती आणली. तिची पॅनेलं काम बदलेल तशी सरकवायची, ऐसपैस कोनांत उभी करायची, अशी मूळ कल्पना. कंपन्यांनी ती काटकोनात जोडली, एकाला एक चिकटवली आणि त्यातून क्युबिकल, म्हणजे एकेका माणसाचा चौकोनी खुराडा, निघालं. पॅनेलं हलवता येत होती, फक्त कुणी हलवली नाहीत.

मोजणी आधी, नकाशा नंतर

खुर्च्यांची संख्या मला शेवटी सांगा. आधी कामांची यादी द्या. लेखक, एडिटर, मोशन ग्राफिक्सवाले, साउंडवाले, कलर करणारे, दिवसभर फोनवर असणारे प्रॉडक्शन मॅनेजर, कॅमेरा आणि लाइट सांभाळणारे, हिशेबनीस, आणि एखाद्या प्रोजेक्टपुरते येणारे फ्रीलान्सर. प्रत्येकापुढे मी दोन रकाने आखते: हा माणूस किती आवाज करतो आणि याला किती आवाज खपतो. प्रॉडक्शन मॅनेजर भरपूर बोलतो, त्याला गोंगाटही चालतो. लेखक स्वतः गप्प असतो, पण शेजारी कुणी फोनवर तारखा ठरवत असेल तर त्याचं वाक्य पुढे सरकत नाही. एडिटरचं गणित फसवं आहे. तो हेडफोन लावून बसतो म्हणून त्याला कुठेही बसवा असं सगळे म्हणतात. पण क्लायंट कट, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ, बघायला आला की हेडफोन निघतो, स्पीकर लागतो आणि तोच एडिटर मजल्यावरचा सगळ्यात मोठा आवाज होतो. म्हणून एडिटरला दोन ठिकाणं लागतात: रोजचं डेस्क आणि कट दाखवायची बंद खोली. ही खोली प्रत्येकाला वेगळी नको, पाळीपाळीने वापरता येते.

हे दोन रकाने भरले की कोण कुणाजवळ बसणार याचं निम्मं उत्तर मिळतं. विभागांप्रमाणे बसवायचा आग्रह मी धरत नाही, आवाजाप्रमाणे बसवते. बोलके लोक प्रवेशाकडे, गप्प लोक टोकाला, आणि मधे कपाटं, छोट्या खोल्या, ये-जा असा पट्टा.

मग हजेरी. दोन आठवडे, दर तासाला एकाने मजल्यावर फेरी मारायची आणि प्रत्येक खुर्चीपुढे तीनपैकी एक खूण करायची: माणूस आहे, माणूस नाही पण सामान आहे, पूर्ण रिकामी. ती मधली खूण महत्त्वाची. सामान ठेवून गेलेली खुर्ची दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही, पण ती रिकामी धरूनच जागा कापली जाते. मीडिया कंपनीत शूटच्या दिवशी अर्धा मजला ओसाड असतो आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी उभं राहायला जागा नसते. सरासरी काढून ऑफिस आखलं तर ते दोन्ही दिवशी चुकतं. मी गर्दीच्या दिवसाच्या थोडं खालचा आकडा धरते आणि त्याहून जास्त आलेले लोक प्रोजेक्ट टेबलांवर मावतील असं बघते.

मापांत फार शिरत नाही, कामापुरती सांगते. एडिटरचं डेस्क १६०० बाय ८०० मिलिमीटर, कारण दोन मॉनिटर, दोन स्पीकर आणि त्यातून उरलेल्या जागेत हात. लेखकाला १४०० बाय ७०० पुरतं. पाठीला पाठ लावून बसणाऱ्या दोन ओळींच्या डेस्कांमध्ये १८०० मिलिमीटर सोडा. मुख्य वाट १५०० ठेवा, म्हणजे व्हीलचेअर वळते आणि लाइटच्या पेट्या नेणारा माणूस कुणाच्या खुर्चीला धडकत नाही. खोल्या, वाटा, पँट्री सगळं धरून माणशी ८ ते १० चौरस मीटर असले की काम जमतं. त्याच्या खूप खाली गेलात तर पुढे लिहिलेलं आवाजाबद्दलचं काहीही तुम्हाला वाचवू शकणार नाही.

ठोकून बसवायच्या गोष्टी

व्हॉइस बूथ, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायची खोली, पहिला. त्याची जागा नकाशावर सगळ्यात आधी ठरते आणि नंतर कुणाच्याही सोयीसाठी बदलत नाही. लिफ्टच्या खड्ड्यापासून लांब, स्वच्छतागृहाच्या पाइपांपासून लांब, एसीच्या मशीनपासून लांब. डोक्यावरच्या मजल्यावर काय चालतं तेही विचारून घ्या. वर जिम असेल तर बूथचा नाद सोडा किंवा इमारत बदला. चांगला बूथ म्हणजे खोलीच्या आत खोली: रबरावर तरंगणारी जमीन, दोन स्वतंत्र भिंती आणि त्यांच्यात हवेची फट, दोन दारं आणि त्या दारांमध्ये पाऊलभर जागा. आतल्या भिंतीला फोम चिकटवला की बूथ झाला असं समजणारे बरेच भेटतात. फोम आतला घुमारा कमी करतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि दोन थर एकमेकांना न चिकटलेले लागतात.

सगळ्यात जास्त दगा देतो तो एसीचा डक्ट. भिंती उत्तम, दार जड, पण छतातून आलेला डक्ट शेजारच्या मीटिंग रूममधलं बोलणं थेट माइकपर्यंत पोहोचवतो. बूथचा डक्ट वेगळा, रुंद, आतून अस्तर लावलेला आणि एकदोन वळणं घेतलेला हवा. रुंद अशासाठी की हवा सावकाश वाहिली तरच ती शिट्टी घालत नाही.

कलर ग्रेडिंगची, म्हणजे व्हिडिओचे रंग नीट करायची, खोली दुसरी. तिला खिडकी नको, त्यामुळे ती मजल्याच्या पोटात टाका आणि खिडक्यांजवळची जागा माणसांना द्या. भिंती उदासीन करड्या, मॉनिटरमागचा प्रकाश ६५०० केल्विन, मंद आणि कायम तेवढाच. साध्या व्हिडिओसाठी संदर्भ मॉनिटर (ज्यावर रंग पारखतात तो) १०० निट्सवर लावतात; निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. आजूबाजूला त्याहून उजेड असला की डोळा फसतो आणि कलर करणारा सावल्या नको तेवढ्या उजळवून ठेवतो. एका कंपनीच्या मालकांना याच खोलीत ब्रँडचा नारिंगी रंग एका भिंतीला हवा होता. मी त्यांना त्या भिंतीसमोर पांढरा कागद धरून उभं केलं. कागद नारिंगी दिसला, विषय संपला. तो रंग आता त्यांच्या पँट्रीत आहे आणि तिथे छान दिसतो.

रॅक रूम, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेजची खोली, तिच्याबद्दल थोडक्यात: तिला चोवीस तास चालणारा स्वतंत्र एसी द्या, कारण इमारतीचा एसी संध्याकाळी बंद होतो आणि रेंडर, म्हणजे यंत्राने अंतिम व्हिडिओ तयार करणं, रात्री चालतं. ती बूथपासून लांब ठेवा, पंख्यांचा आवाज असतो. कॅमेऱ्याचं सामान ठेवायची खोली मालाच्या लिफ्टजवळ घ्या, नाहीतर रोज पेट्या अख्ख्या ऑफिसातून फिरतील. तिथे लिथियम बॅटऱ्या चार्ज करायला न पेटणारं कपाट किंवा फळी हवी, वर धूर टिपणारा सेन्सर हवा आणि रात्री कुणी नसताना चार्जिंग चालू राहणार नाही असा टायमर हवा. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं की आजवर काही झालं नाही.

आवाज

ओपन ऑफिसमध्ये लोक जास्त बोलतात, कल्पना उडत असतात, असं म्हणतात. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर घालून हे मोजलं. भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल आणि मेसेज वाढले. मला यात आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यांना ऐकू जातंय हे माहीत असलं की माणूस टाइप करतो.

त्रास नुसत्या गोंगाटाचा नसतो, कळणाऱ्या शब्दांचा असतो. एसीची घरघर डोकं विसरून जातं. शेजारचा माणूस ‘अगं, पण त्याने बिल पाठवलंच नाही’ म्हणाला की डोकं ते वाक्य पूर्ण ऐकल्याशिवाय सोडत नाही. म्हणून ध्येय शांतता हे धरू नका. काही पावलांवर शब्द विरघळले पाहिजेत, तेवढं पुरे. ओपन ऑफिसमधला आवाज मोजायचं आयएसओ ३३८२-३ हे आंतरराष्ट्रीय मानक याच विचारावर उभं आहे. त्याच्या २०१२ मधल्या आवृत्तीतल्या उदाहरणाप्रमाणे चांगल्या ऑफिसात अंतर दुप्पट झालं की बोलण्याची पातळी ७ डेसिबल किंवा जास्त उतरते आणि ४ मीटरवर ती ४८ डेसिबलच्या वर नसते. जिथे उतार ५ पेक्षा कमी आणि ४ मीटरवर ५० हून जास्त, ते ऑफिस वाईट.

यंत्र नसलं तरी चाचणी घेता येते. एकाला डेस्कवर बसवून नेहमीच्या आवाजात अनोळखी मजकूर वाचायला लावा. तुम्ही पाठ करून चालत लांब जा आणि शब्द कळेनासे होतात तिथे टेपची खूण करा. खूण ५ मीटरच्या आत पडली तर उत्तम, १० मीटरच्या पुढे गेली तर पैसे इथे घाला, सोफ्यात नको.

पैसे घालायचे तर छतात घाला. जमिनीवर टेबलं येतात, भिंतींवर काचा आणि स्क्रीन येतात. छत तेवढं पूर्ण मोकळं असतं आणि प्रत्येक आवाज त्याच्यावर आपटून परत येतो. पाइप आणि डक्ट दिसणारं उघडं काळं छत सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं, पण काँक्रीट आवाज शोषत नाही. उघडं छत हवंच असेल तर त्याखाली बॅफल, म्हणजे आवाज शोषणाऱ्या उभ्या पट्ट्या, लटकवा, दाट लटकवा, दोनचार शोभेचे नकोत. दोन डेस्कांमधला पडदा बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या आणि कानाच्या वर गेला पाहिजे, म्हणजे जमिनीपासून साधारण १४०० मिलिमीटर. त्याहून खुजा पडदा फक्त कागद टाचायला. आणि वर छत शोषणारं नसेल तर उंच पडदाही निकामी, आवाज वरून उडी मारून पलीकडे उतरतो. झाडं लावा, छान दिसतात. आवाजासाठी लावतोय असं मात्र म्हणू नका.

सरकत्या भिंतींबद्दल विक्रेता आकडा सांगतो तो प्रयोगशाळेतला. साधं गणित लक्षात ठेवा: भिंतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली तरी ती भिंत, कितीही जाड असो, २० डेसिबलच्या पुढे अडवू शकत नाही. म्हणून पैसे पॅनेलच्या जाडीत कमी आणि खालच्या-वरच्या सीलमध्ये जास्त घाला. भिंत ज्या रुळावर लटकते त्याच्या वर, फॉल्स सीलिंगच्या आत, खऱ्या स्लॅबपर्यंत अडथळा आहे का ते शिडीवर चढून बघा. नसतोच बहुधा.

फोन बूथ दहा माणसांमागे एक अशा हिशेबाने सुरू करा. प्रॉडक्शनची टीम मोठी असेल तर जास्त. आत पंखा हवा, कारण बंद पेटीत दहा मिनिटांत हवा कोंदट होते. दाराला काच हवी. खुर्ची आरामशीर नको. उंच स्टूल द्या. मऊ खुर्ची दिलीत की कुणीतरी लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली घेऊन तिथे संसार थाटतं.

मास्किंग, म्हणजे छतातून सोडलेला मुद्दाम केलेला हलका सपाट आवाज, उपयोगी पडतो. साधारण ४० ते ४५ डेसिबल, आणि काही आठवडे हळूहळू चढवत नेलेला. एकदम लावलात तर लोक तक्रार करतील, चढवत नेलात तर कुणाच्या लक्षातही येत नाही. व्हॉइस बूथ आणि साउंडच्या खोल्यांच्या आसपास तो नको, हे वेगळं सांगायला नको. पण सांगते, कारण एके ठिकाणी तो कंत्राटदाराने एका ओळीत सगळीकडे बसवला होता आणि पॉडकास्टच्या प्रत्येक भागात मागे सळसळ यायची.

स्पीकरफोन डेस्कवर नाही, हा नियम मात्र फुकट आहे.

वायर

लवचिकपणा खरं तर इथे राहतो. डेस्क हलवायला दोन माणसं पुरतात; त्याच्यामागे वीज आणि नेटवर्क नसेल तर हलवून उपयोग काय?

तीन रस्ते आहेत. उचललेली जमीन, जिच्याखाली १०० ते १५० मिलिमीटर पोकळीत वायरी फिरतात आणि फ्लोअर बॉक्स कुठेही काढता येतो. सगळ्यात चांगली, पण छताची उंची खाते. दुसरा, वरून केबल ट्रे आणि खाली येणारे खांब. उघड्या छताशी जुळतो, खांब कुठेही लावता येतात, दिसायला थोडे नडतात. तिसरा, जमिनीत कायमचे बॉक्स, ठराविक चौकटीत. हा स्वस्त, पण बॉक्स चुकला की चुकला. तिसरा घेतलात तर बॉक्स ३ मीटरच्या चौकटीत घ्या आणि कसोटी अशी लावा: मजल्यावरच्या कुठल्याही डेस्कपासून २ मीटरच्या वायरने सॉकेट गाठता यायला हवं, तेही वाट न ओलांडता. एक्स्टेंशन बोर्ड दिसला की समजायचं, आखणी तिथे फसली.

नेटवर्कचं गणित इतर ऑफिसांसारखं नाही. प्रोरेस ४२२ एचक्यू हा एडिटिंगसाठी वापरला जाणारा व्हिडिओचा प्रकार; त्यातल्या सेकंदाला २५ फ्रेमच्या ४के फाइलचा एकच प्रवाह सेकंदाला ७०० मेगाबिटच्या वर जातो. म्हणजे एक गिगाबिटची केबल एका प्रवाहातच जवळपास भरते. मल्टिकॅम, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांचा, एडिट उघडला की अडकलं. म्हणून सामायिक स्टोरेजवरून काम करणाऱ्या एडिटरला १० गिगाबिट द्या. कॅट ६ए केबल ते १०० मीटरपर्यंत नेते, साधी कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत. वायफाय लेखकांसाठी, मीटिंगसाठी, फोनसाठी. एडिटसाठी नाही, विक्रेता काहीही म्हणो.

यातून निघणारी गोष्ट अशी की एडिटरचं डेस्क कुठेही जाऊ शकत नाही, पण ठराविक अनेक जागांपैकी कुठल्याही जागी जाऊ शकतं. त्या जागा तुम्ही आधी तयार करायच्या. बारा एडिटर असतील तर वीस ठिकाणी १० गिगाबिट आणि शुद्ध वीज नेऊन ठेवा. आज त्यातल्या आठ जागी लेखक बसतील, बसू देत. उद्या मोठा प्रोजेक्ट आला की ती आठ डेस्कं एका संध्याकाळीत एडिटरच्या जागा होतील. फोडलेल्या भिंतीतून नंतर केबल ओढायला किती दिवस आणि किती धूळ लागते हे एकदा पाहिलं की या जादा आठ जागा महाग वाटत नाहीत.

ऑडिओ आणि व्हिडिओच्या सामानाला इतरांपेक्षा वेगळं सर्किट द्या आणि त्यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी न्या, नाहीतर स्पीकरमधून मंद गुणगुण सुरू होते आणि साउंडवाला महिनाभर केबली बदलत बसतो. झेरॉक्सचं मशीन आणि कॉफीचं मशीन त्या सर्किटवर कधीच नको. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर. दोन्ही.

छतावरची चौकट

भिंत उद्या येणार असेल तर ती कुठे येऊ शकते हे छत ठरवतं, आणि हा भाग बहुतेक आखण्यांत सुटतो.

एक टीम वाढली, म्हणून मोकळ्या जागेत चार पार्टिशन उभी केली, खोली झाली. आता त्या खोलीत एसीची हवा येणारं तोंड नाही, ते पार्टिशनच्या पलीकडे राहिलं. दिवे अर्धे आत, अर्धे बाहेर, एकाच स्विचवर. पार्टिशन छतापर्यंत गेलं म्हणून स्प्रिंक्लरचं, म्हणजे आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या नळाचं, पाणी आत पोहोचणार नाही, आणि धूर टिपणारा सेन्सर बाहेर. खोली तयार दिसते, पण ती खोली नसते. छतापर्यंत न जाणारं कपाट किंवा पॅनेल ठेवलंत तरी स्प्रिंक्लरच्या खाली किमान ४५० मिलिमीटर मोकळं ठेवावं लागतं, हेही विसरलं जातं.

यावर मी असं करते. सगळा मजला समान चौकटीत विभागते, समजा ३ बाय ३ मीटर. इमारतीचे खांब आणि खिडक्यांची मापं ज्या आकड्याला सहज भागली जातात तो आकडा घेते. प्रत्येक चौकटीत स्वतःचा दिवा आणि त्याचा वेगळा ताबा, हवा येण्याचं आणि परत जाण्याचं तोंड, स्प्रिंक्लर आणि सेन्सर. हे पहिल्या दिवशी जास्त खर्चाचं पडतं आणि इंजिनियर कुरकुरतो. पण मग नियम एकच उरतो: भिंत फक्त चौकटीच्या रेषेवर. दोन चौकटी जोडून मीटिंग रूम, चार जोडून प्रोजेक्टची खोली, काम संपलं की परत मैदान. छताच्या पट्टीवर त्या रेषा बारीक खुणेने दाखवून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला नकाशा शोधत बसावं लागणार नाही. भिंत उभी करण्याआधी अग्निशमनाचं काम बघणाऱ्या तज्ज्ञाची सही दर वेळी घ्यायची. चौकट असली की ती सही लवकर मिळते, एवढाच फरक.

प्रकाशाचंही याच ओघात. डेस्कवर ५०० लक्स (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) हे ऑफिसचं रूढ माप, पण ते कागदावर काम करणाऱ्यांसाठी. अंधाऱ्या टाइमलाइनकडे दिवसभर बघणाऱ्याला ते डोळ्यात खुपतं. मी सगळीकडे साधारण ३०० ठेवते आणि ज्याला जास्त हवा त्याला डेस्कचा दिवा देते. मॉनिटर खिडकीला काटकोनात. खिडकी समोर नको, पाठीमागेही नको. हवा माणशी सेकंदाला १० लिटर ताजी धरा आणि मीटिंग रूममध्ये कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर लावा. आकडा १००० पीपीएमच्या वर जायला लागला की बैठक आपोआप आवरती घेतली जाते, हा त्याचा जादा फायदा.

हलणाऱ्या गोष्टी

आता चाकं. मोठा व्हाइटबोर्ड चाकांवर उत्तम, तो लिहायलाही होतो आणि आडोसाही होतो. चाकांना लॉक हवं आणि बोर्ड जड बुडाचा हवा. घडीची टेबलं चांगली, पण घडी करून ती ठेवायची कुठे हे नकाशावर दाखवा. जागा दाखवली नाही तर ती कायम उघडीच राहतात. मोठे सोफे हलत नाहीत, कुणीही काहीही म्हणो. त्यांना ठोकून बसवायच्या यादीत टाका. उंची बदलणाऱ्या विजेच्या डेस्कांना चाकं नकोत, वायर ओढली जाते.

माझी कसोटी सोपी आहे. बाहेरून कुणाला न बोलावता, दोन माणसांनी १० मिनिटांत आठ जणांची प्रोजेक्ट जागा उभी करून दाखवायची. जमलं तर ऑफिस लवचिक. नाही जमलं तर काय अडलं ते बघा. बहुधा वायर असते, कधी हलवायची परवानगी कुणाकडे हेच ठरलेलं नसतं. म्हणून एका माणसाला हे काम नावानिशी द्या. पार्टिशनची किल्ली, जादा केबली, चाकांचे स्पॅनर त्याच्या कपाटात.

आणि लवचिक म्हणजे कुणालाच स्वतःचं डेस्क नाही, असा अर्थ घेऊ नका. जे चियाट यांच्या चियाट/डे या जाहिरात कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर लॉस एंजेलिसच्या ऑफिसात हा प्रयोग केला होता. कुणाला डेस्क नाही; सकाळी काउंटरवरून फोन आणि लॅपटॉप घ्यायचा, मिळेल तिथे बसायचं. यंत्रं कमी पडायची म्हणून लोक ती लॉकरमध्ये दडवू लागले, काहींनी गाडीच्या डिकीचं ऑफिस केलं. दशक संपायच्या आत कंपनी नव्या इमारतीत गेली आणि लोकांना परत स्वतःची जागा मिळाली. एडिटरचं कीबोर्ड, टॅबलेट, मॉनिटरचं कॅलिब्रेशन हे सगळं त्याच्या जागेशी बांधलेलं असतं, त्याला रोज नवं डेस्क म्हणजे रोज अर्धा तास वाया. त्याची जागा पक्की ठेवा. सामायिक डेस्कं त्यांना द्या जे आठवड्यातले बरेच दिवस शूटवर किंवा क्लायंटकडे असतात. त्यांना त्या बदल्यात चार्जिंग असलेला, हेल्मेट मावेल एवढा लॉकर द्या.

ऑर्डर देण्याआधी रिकाम्या मजल्यावर टेपने सगळं खऱ्या मापात आखा. डेस्क, वाटा, दारांची उघडझाप. ज्यांना तिथे बसायचंय त्यांना त्यात चालवा, खुर्च्या ठेवून बसवा. वाटेत दोघे समोरासमोर आले की काय होतं ते बघा. कागदावर कधीच न दिसलेल्या दोनतीन गोष्टी हमखास निघतात. जमल्यास एका कोपऱ्यात सहा डेस्कांचा खरा नमुना महिनाभर वापरून बघा, त्यात एक एडिटर आणि एक फोनवर बोलणारा असू द्या.

फर्निचरच्या बजेटातला दहावा भाग तरी पहिल्या दिवशी खर्च करू नका. लोक राहायला आले की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फिरून बघा: वाट ओलांडून गेलेली वायर कुठे आहे, कुठल्या दारावर ‘रेकॉर्डिंग चालू’ अशी चिठ्ठी चिकटवलीय, फोन घ्यायला जिन्यात कोण जातंय, कोण सतत हेडफोन लावून बसलंय पण काहीच ऐकत नाहीये. राखलेले पैसे त्या जागी जातात. जो बदल होईल तो त्याच दिवशी छापील नकाशावर लाल पेनने करायचा, तारीख टाकायची आणि तो नकाशा रॅक रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवायचा. संगणकातली प्रत नंतर सवडीने दुरुस्त झाली तरी चालते.